दुसऱ्याने वाढवलेली गाडी घेण्याआधी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही म्हापशाला राहता, नोकरी वेर्ण्याला, आणि रोजच्या जाण्यायेण्याला घरात एक साधी गाडी आहे. पुण्यातली एक २०१२ ची स्कोडा लॉरा आरएस तुमच्या मनात भरली आहे. ती वाढवलेली आहे, म्हणजे कंपनीने दिल्यापेक्षा जास्त ताकद काढायला तिच्यात बदल केलेत. मालकाने कंपनीचा टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा भाग) काढून मोठा बसवलाय. डाऊनपाईप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप), इनटेक (हवा आत घेणारा मार्ग), इंटरकूलर (ती हवा गार करणारा), कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन), १८ इंची चाकं, सगळं झालंय. "स्टेज थ्री आहे, २८० हॉर्सपॉवर, डायनोचा कागद आहे, गाडीवर सात लाख घातलेत," असं तो सांगतो आणि साडेआठ लाख मागतो. स्टेज थ्री म्हणजे मोठ्या टर्बोपर्यंत गेलेलं ट्यूनिंग, डायनो म्हणजे गाडीची ताकद मोजणारं यंत्र. तुम्हाला ती फक्त रविवारी सकाळी चालवायची आहे, कधी चोर्ल्याला, कधी खाली काणकोणपर्यंत. आणि तुम्ही विचारलंय एवढंच, की दर बरोबर आहे का.

फोंड्याला माझं गॅरेज आहे, तेवीस वर्षं झाली. अशा गाड्या मी वाढवल्या आहेत आणि इतरांनी वाढवलेल्या निस्तरल्याही आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, दराचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. कंपनीतून आली तशी लॉरा घेतली, तर तिच्यामागे कंपनीने केलेल्या हजारो तासांच्या चाचण्या असतात. इंजिन किती तापेल, क्लच किती ओढेल, पेट्रोल हलकं मिळालं तर काय होईल, हे सगळं कुणीतरी आधी तपासलेलं असतं. मोठा टर्बो बसवला की त्या चाचण्यांचा आधार सुटतो. मग त्या गाडीमागे उरतात एक मालक, एक फिटर आणि एक ट्यूनर, म्हणजे इंजिनच्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलणारा. तुम्ही त्या तिघांचं काम विकत घेताय. ते काम दिसतं का, समजतं का, आणि उद्या गरज पडली तर उलटवता येतं का, हे आधी ठरू द्या.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथे बसून कळणार नाहीत. गाडी ठेवायला झाकलेली जागा आहे का? गाडी घेतल्यावर हातात किती पैसे उरतात? महिनाभर गाडी गॅरेजमध्ये पडून राहिली तर तुमची चिडचिड होईल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, या इंजिनची बारकाई जाणणारा माणूस तुमच्या तासाभराच्या अंतरावर आहे का? पुण्याच्या ट्यूनरने केलेली गाडी दर वेळी पुण्यालाच न्यावी लागणार असेल, तर ती तुमची कधी होतच नाही.

आता गाडीकडे वळू. लॉरा आरएस भारतात २०११ मध्ये आली. १.८ टीएसआय इंजिन, १६० पीएस, २५० न्यूटन मीटर, सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स. मला स्वतःला ही गाडी फार आवडते. स्टिअरिंगला वजन आहे, मागे माणसं बसतात, डिकीत चवथीचं सगळं सामान मावतं, आणि गाडी उचलते तेव्हा छातीत धडधडतं. तुमचं मन तिच्यावर बसलं यात काही चूक नाही. पण हे इंजिन मूळ अवस्थेतसुद्धा तीन बाबतीत लक्ष मागतं. टायमिंग चेनचा टेन्शनर (व्हॉल्व्ह चालवणारी चेन ताणून धरणारा भाग), तेल खाणं, आणि इनटेक व्हॉल्व्हवर बसणारा कार्बन.

टेन्शनरचं आधी सांगतो, कारण तिथे चूक झाली तर पूर्ण इंजिन जातं. या पिढीच्या इंजिनातला सुरुवातीचा टेन्शनर दगा देतो. तो सुटला की चेन उडी मारते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. थंड इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने खळखळ आवाज येतो का ते ऐकायचं. क्षणभर आला तर घाबरायला नको, पण दोन-तीन सेकंद चालला तर मी पुढे बोलणीच करत नाही. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंडच हवं. तुम्ही पोचायच्या आत मालकाने फेरी मारून आणली असेल तर त्याला नम्रपणे सांगा की संध्याकाळी पुन्हा येतो. स्कॅनरवर कॅमशाफ्टचा कोन किती सरकलाय हेही दिसतं, त्यावरून चेन ताणली आहे का याचा अंदाज येतो. टेन्शनर बदलल्याचं बिल असेल तर त्यावरची तारीख आणि किलोमीटर दोन्ही टिपून ठेवा.

कार्बनचं कारण सोपं आहे. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत जात नाही. त्यामुळे व्हॉल्व्हवर जमणारी तेलाची काजळी धुऊन काढणारं तिथे काहीच नसतं. मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या कवचाच्या भुग्याने ती उडवावी लागते. त्यात गाडीचा एक दिवस जातो, पण इंजिन पुन्हा मोकळा श्वास घेतं. वाढवलेल्या गाडीत हे काम झालं आहे का, हे जरूर विचारा. ज्या मालकाने टर्बोवर पैसे घातले आणि व्हॉल्व्ह साफ करून घेतले नाहीत, त्याचं लक्ष कुठे होतं ते तेवढ्यावरून कळतं.

तेलाचं असं की गाडी किती तेल खाते हे मालक क्वचितच सांगतो. तेल बदलल्याच्या बिलांमध्ये मधेमधे एक-एक लिटरची बिलं दिसतात का ते बघा. सरळ विचारलं तर उत्तर मिळेलच असं नाही, बिलं मात्र सांगून जातात.

आता मोठ्या टर्बोकडे. टर्बो बाहेर जाणाऱ्या गॅसच्या जोरावर हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त आली की पेट्रोल जास्त लागतं, आणि दाबलेली हवा तापते म्हणून ठिणगीची वेळ जपावी लागते. पेट्रोल कमी पडलं किंवा हवा फार तापली तर मिश्रण ठिणगीच्या आधीच किंवा भलत्याच जागी पेटतं आणि इंजिन ठोकायला लागतं. थोडं ठोकलं तर संगणक ठिणगी मागे ओढतो आणि गाडी नुसती मरगळते. जास्त ठोकलं तर पिस्टनची कड तुटते. म्हणजे टर्बो हा साखळीतला फक्त एक दुवा. त्याच्यासोबत हाय प्रेशर फ्युएल पंप बदलला का, इंटरकूलर खरंच मोठा आहे की नुसता चकचकीत, प्लग कुठल्या उष्णता श्रेणीचे, क्लच कुठला, हे सगळं जुळलेलं हवं. अडीचशे न्यूटन मीटरसाठी दिलेला क्लच मोठ्या टर्बोखाली टिकत नाही. तो तपासणं सोपं आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये साठच्या वेगाने जाताना पेडल पूर्ण दाबा. आरपीएम चढले आणि वेग तितका चढला नाही, तर क्लच घसरतोय. या गाडीत क्लचबरोबर ड्युअल मास फ्लायव्हीलही (क्लचमागची जड चकती) बघावं लागतं, आणि दोन्ही मिळून खर्च मोठा होतो.

इथे एक गोष्ट विशेष सांगायची आहे, कारण शिकलेली मंडळीही इथेच फसतात. "स्कॅन केलं, एकही फॉल्ट नाही," असं विक्रेता म्हणतो आणि घेणारा निश्चिंत होतो. मूळ गाडीत याला अर्थ आहे. ट्यून केलेल्या गाडीत फार थोडा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) काढून टाकला की इंजिनचा दिवा लागायला हवा. तो लागू नये म्हणून ट्यूनर सॉफ्टवेअरमध्ये ती तपासणीच बंद करतो. तसंच मिसफायरचं किंवा मिश्रण पातळ झाल्याचं दाखवणारे कोडही बंद करता येतात. म्हणून आधी चावी फिरवून इंजिन सुरू न करता बघा, पॅनेलवर इंजिनचा दिवा पेटतो का. पेटायलाच हवा, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. मुळातच पेटत नसेल तर तो बहुधा मुद्दाम मारलेला आहे. दुसरं, फॉल्टच्या यादीवर विसंबू नका, चालत्या गाडीचे आकडे घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये खालच्या आरपीएमपासून वरपर्यंत एक ओढ घ्यायची आणि बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब), मिश्रण, आत येणाऱ्या हवेचं तापमान, प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती मागे गेली, आणि पेट्रोलचा दाब, एवढं नोंदवायचं. माहीतगार माणूस तो आलेख दहा मिनिटांत वाचतो. पेट्रोलचा दाब वरच्या आरपीएमला कोसळत असेल, तर डायनोच्या कागदावर काहीही लिहिलेलं असो, इंजिन जोखमीत आहे.

डायनोच्या कागदाबद्दलही तेच. २८० हा आकडा कधीचा? डिसेंबरच्या सकाळी, शंभर ऑक्टेनच्या (इंजिन ठोकू न देणाऱ्या) पेट्रोलवर, पंखे लावून काढलेला आकडा एप्रिलच्या दुपारी पर्वरीच्या सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला लागू होत नाही. पुण्यात ती कुठल्या पेट्रोलवर ट्यून केली हे लेखी घ्या. शंभर ऑक्टेनसाठी बसवलेली ठिणगी तुम्ही इथे ९५ वर चालवलीत, तर संगणक सतत ठिणगी मागे ओढत राहील आणि त्याची मर्यादा संपली की इंजिन ठोकेल. तुमच्या घराजवळच्या कुठल्या पंपावर काय नेमाने मिळतं ते आधी बघा आणि ट्यून त्या पेट्रोलवर करून घ्या.

त्यात आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आलं आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. साध्या पेट्रोलला एक भागाला १४.७ भाग हवा, शुद्ध इथेनॉलला साधारण ९. वीस टक्के मिसळलं की इंजेक्टर आणि पंप दोघांनाही जास्त काम करावं लागतं. मूळ गाडीत ते सांभाळून घेण्याइतकी जागा असते. मोठ्या टर्बोच्या गाडीत पंप आधीच शेवटाला टेकलेला असतो, तिथे ही वाढ महाग पडू शकते. शिवाय २०१२ ची गाडी ई२० साठी बनवलेली नाही, तेव्हा पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील तपासून घ्यावेच लागतील.

इंजिन उघडल्याशिवाय करता येणाऱ्या तपासण्यांत मी दोन सोडत नाही. पहिली कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतो ते. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा दहा-पंधरा टक्क्यांनी खाली असेल तर लीकडाउन करून, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून, ती रिंगमधून जाते की व्हॉल्व्हमधून हे बघायचं. दुसरी धुराची चाचणी. इनटेकमध्ये धूर सोडायचा आणि कुठल्या जोडातून बाहेर येतो ते बघायचं. वाढवलेल्या गाडीत सिलिकॉन पाइप आणि क्लॅम्प इतके असतात की एखादा सैल निघतोच. प्लग काढलेच आहेत तर त्यांचे फोटो काढा, कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा हे लिहून ठेवा. हे सगळं पुण्यातच करा, आणि ज्याने गाडी वाढवली त्याच्याकडे नको, दुसऱ्या गॅरेजमध्ये. मालक नको म्हणाला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

आता ब्रेक. इथे मला माझी एक चूक सांगावी लागेल. काही वर्षांपूर्वी साखळीच्या एका गिऱ्हाईकाची टर्बो गाडी मी ट्यून करून दिली. गाडी छान पळू लागली, तो खूश, मीही खूश. दोन महिन्यांनी तो चोर्ल्याहून खाली येत होता, गाडीत बायको आणि मुलगी. केरी जवळ आलं असताना ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं. त्याने गिअर खाली टाकले, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबवली. माणसं वाचली. गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी ब्रेक ऑइल काढलं, ते चहासारखं झालं होतं. चार वर्षांचं तरी असावं. डॉट ४ ब्रेक ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. आपल्याकडे चार महिने हवा ओली असते. घाटात ब्रेक तापले, ऑइल उकळलं, पाइपात वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते, चाकापर्यंत जोर पोचत नाही. इंजिनची ताकद मी वाढवली होती आणि ब्रेक ऑइल कधीचं आहे हे विचारलं नव्हतं. तेव्हापासून ताकद वाढवायला आलेल्या गाडीचं ब्रेक ऑइल मी आधी बदलतो, पॅड आणि डिस्क बघतो, मगच लॅपटॉप उघडतो.

तुमच्या लॉराच्या मालकाने सांगितलेल्या यादीत ब्रेकचा उल्लेखच नाही. टर्बो आहे, चाकं आहेत, आवाज आहे. पॅड कुठले, डिस्क किती उरल्या, ऑइल कधी बदललं, पाइप कुठले, यातलं काही नाही. मला या गाडीबद्दल सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे.

सस्पेन्शनचं थोडक्यात सांगतो. कॉइलओव्हरने गाडी खाली बसवलेली असेल तर ती आधी आपल्या रस्त्यांवर डोळ्यांपुढे आणा. गावागावातले गतिरोधक, पावसानंतर सुटलेल्या डांबराच्या कडा, जांभ्या दगडाचे चढउतार. १८ इंची चाकाला टायरची भिंत बारीक असते, एक खड्डा रिम वाकवायला पुरतो. इंजिनच्या खालच्या तेलाच्या टाकीवर घासल्याच्या खुणा आहेत का ते लिफ्टवर बघा. कॉइलओव्हरच्या आट्या गंजून जाम झाल्या नाहीत ना, तेही बघा, कारण जाम झाल्या असतील तर गाडी पुन्हा वर उचलता येत नाही. आणि टायरवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, इतक्या जुन्या टायरवर मी घाटात जाऊ देणार नाही.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर इंजिन थंड असताना ऐकायचं, चालत्या गाडीचे आकडे घ्यायचे, पेट्रोल कुठलं ते लेखी घ्यायचं, ब्रेक आणि टायरकडे टर्बोइतकंच लक्ष द्यायचं. यानंतरचा भाग कागदांचा. तो कंटाळवाणा वाटेल, पण पैसे बहुतेक वेळा इथेच अडकतात.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने मुळात ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या गोष्टींत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्या कलम १८२अ प्रमाणे नियमबाह्य बदल केलेल्या गाडीच्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लक्षात घ्या, प्रत्येक बदलामागे, आणि जबाबदारी मालकाची. गाडी तुमच्या नावावर झाली की पुण्याच्या माणसाने केलेले बदल तुमचे होतात. मी तुम्हाला "सगळे करतात, काही होत नाही" असं सांगणार नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेला डाऊनपाईप तर मी माझ्याकडे आलेल्या गाडीवर ठेवतच नाही, मूळ कन्व्हर्टर परत बसवून घेतो. तो तुकडा मालकाकडे आहे का हे आजच विचारा. नवा घ्यायचा तर महाग पडतो.

दुसरी गोष्ट तारखेची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. २०१२ ची नोंदणी २०२७ मध्ये संपते. त्यानंतर पाच वर्षांसाठी नूतनीकरण करताना गाडी तपासणीला उभी करावी लागते. बदललेली गाडी त्या दिवशी कशी उभी करणार, याचा विचार आत्ताच करा. मूळ भाग हाती नसतील तर त्या दिवशी तुमच्याकडे पर्याय उरत नाही. शिवाय पुण्याची गाडी गोव्यात आणायची म्हणजे फॉर्म २८ वर ना हरकत दाखला, २९ आणि ३० वर हस्तांतरण, बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५, आणि इथला कर. चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर जाऊन स्वतः बघा, आरसीशी ताडून पाहा. इंजिन बदललेलं असेल आणि नोंद नसेल तर गाडी तिथेच सोडा. रंग बदलला असेल किंवा रॅप लावलं असेल तर आरसीवरचा रंग काय आहे तेही बघा. पुणे पासिंगवरच इथे फिरवत राहू, हा विचार मनात असेल तर काढून टाका.

विम्याचं म्हणाल तर थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर तुमच्याकडे येतो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तुमच्या नावावर करून घ्यायला विमा कंपनीला चौदा दिवसांत कळवावं लागतं. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो. आणि बदल कंपनीला सांगितलेले नसतील तर अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो. मोठा टर्बो सर्वेअरला बोनेट उघडताच दिसतो.

आता तुमच्या रविवारच्या गाडीबद्दल, कारण आपल्याकडच्या हवेत हा वेगळाच प्रश्न आहे. सोमवार ते शनिवार उभी राहणारी गाडी गोव्यात झिजते, ती चालून झिजण्यापेक्षा वेगळी. डिस्कवर गंज धरतो, बॅटरी उतरते, आत सीटवर बुरशी येते, कनेक्टरवर हिरवट थर चढतो, आणि पावसात उंदीर बोनेटखाली ऊब शोधत येतात आणि वायरी कुरतडतात. वाढवलेल्या गाडीत जोडलेल्या जादा वायरी बऱ्याचदा उघड्या असतात, त्यामुळे धोका जास्त. झाकलेली जागा, बॅटरीला मेंटेनर, आणि आठवड्यातून एकदा निदान अर्धा तास नीट गरम होईपर्यंत चालवणं, एवढं जमणार असेल तरच अशी गाडी पाळा. पाच मिनिटं जागेवर सुरू ठेवून बंद करणं वाईट, त्याने तेलात पाणी आणि पेट्रोल साचतं. तेल मी अशा गाड्यांना पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल तेव्हा, बदलतो. फोक्सवॅगनने ठरवलेल्या व्हीडब्ल्यू ५०२ ०० प्रतीचंच.

आणि चालवण्याबद्दल एक मनापासून सांगतो. २८० हॉर्सपॉवर रविवारी सकाळी सुद्धा गोव्याच्या रस्त्यावर पूर्ण वापरायला जागा नाही. सात वाजता वळणापलीकडे सायकलवर पोदेर (पाववाला) असतो, रस्त्यात गुरं बसलेली असतात, करमल घाटात ट्रक असतो, चोर्ल्यात पावसाळ्यात धुकं इतकं की स्वतःचं बोनेट धूसर दिसतं. मोठा टर्बो खालच्या आरपीएमला सुस्त असतो आणि मग एकदम सुटतो. ओल्या वळणावर पुढच्या दोन चाकांवर ती ताकद एकदम आली की गाडी सरळ जाते. मूळ टर्बोवर नेमस्त ट्यून केलेली लॉरा साधारण दोनशे-दोनशे दहा हॉर्सपॉवर देते, लगेच उत्तर देते, आणि घाटात ती मोठ्या टर्बोच्या गाडीपेक्षा चालवायला जास्त आनंदाची असते. हे मी दोन्ही चालवून सांगतोय.

आता दर. माझा हिशेब असा असतो. त्याच सालाची, तितक्याच किलोमीटरची, हात न लावलेली लॉरा आरएस बाजारात कितीला जाते ते बघायचं. बदलांची किंमत शून्य धरायची. मालकाने सात लाख घातले असतील, पण त्यातला आनंद त्याने घेतला आहे आणि झीज तुमच्याकडे येणार आहे. मग त्या रकमेतून वजा करायचं. ब्रेकचं पूर्ण काम, टायर, क्लच घसरत असेल तर क्लच, टेन्शनर बदललेला नसेल तर तो, कन्व्हर्टर नसेल तर तो, आणि इथल्या पेट्रोलवर पुन्हा ट्यून. समजा हात न लावलेली गाडी साडेसहाला जाते आणि ही कामं दीड लाखाची निघाली, तर माझी बोली पाचची. मूळ टर्बो, कन्व्हर्टर, शॉकअप, चाकं आणि संगणकाची मूळ फाईल हे सगळं सोबत मिळत असेल तर मी थोडा वर सरकेन, कारण मग ती गाडी कधीही परत कंपनीच्या अवस्थेत आणता येते. यातलं काहीच मिळणार नसेल तर बोली लावू नका. आणि जो आकडा ठरेल त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतके पैसे वेगळे ठेवा, पहिल्या वर्षात ते लागतात.

साडेआठला, ब्रेकचं काही न सांगता, मूळ भागांचा उल्लेख न करता, मी ही गाडी घेणार नाही. पण लगेच सोडूनही देऊ नका. मालकाला आजच दोन गोष्टी विचारा. काढलेले मूळ भाग कुठे आहेत, फोटो पाठव. आणि बिलांची फाईल, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, फोनवर काढून पाठव. ज्याने मनापासून गाडी सांभाळली आहे तो दोन्ही तासाभरात पाठवतो, बहुधा अभिमानाने. फाईल आली तर ती इथे टाका, नावं आणि नंबर झाकून, मी बघून सांगतो. पुण्याला जायचं ठरलं तर शनिवारी संध्याकाळी पोचा, गाडी रात्रभर उभीच राहू दे असं मालकाला सांगा, आणि रविवारी सकाळी बोनेटला हात लावून, ते गार आहे याची खात्री करूनच चावी फिरवा.